लंकाबाईचे सात हजार सहाशे किलोमीटर

तिसगावच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे फॉर्म, झेरॉक्स, असलीच कामं. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका सकाळी मी नुकतं शटर वर केलं होतं आणि लंकामावशी आत आली. मागं तिचा नवरा, भागवतनाना. दोघंही चालत आलेले, वस्तीवरून चार किलोमीटर. मावशीनं हातातला मोबाईल माझ्यापुढं धरला.

"आश्विने, ह्यातली पोर काय बोलती बघ गं. रडती आन हिंदीत बोलती. पंकीचं नाव घेती."

पंकजा त्यांची मुलगी आणि माझी वर्गमैत्रीण. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढं ती नगरला नर्सिंग शिकली, पुण्यात नोकरी केली, इंग्रजीची परीक्षा दिली आणि आयर्लंडला गेली, डब्लिनच्या एका दवाखान्यात. आमच्या भागातून इतक्या लांब गेलेली ती पहिलीच मुलगी. मी तो नंबर लावला. पलीकडं लिजी नावाची मुलगी होती, केरळची, पंकजाच्याच खोलीत राहणारी, तिच्याच वॉर्डातली नर्स. तिनं मोडक्या हिंदीत मला जे सांगितलं ते मी लगेच मावशीला सांगू शकले नाही. पंकजाला रक्ताचा कॅन्सर होता. ऑगस्टपासून. दोनदा औषधं देऊन झाली होती आणि आता डॉक्टर घरच्यांना बोलवा म्हणत होते.

ऑगस्टपासून ती आईशी दर रविवारी व्हिडिओवर बोलत होती. डोक्याला लोकरीची टोपी घालून. "लई थंडी हाय इथं" म्हणायची आणि मावशी म्हणायची, "घाल बाई घाल, कानाला वारं लागू दिऊ नगं."

मी शेवटी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. आजारी आहे, मोठा आजार आहे, तुला बोलावलंय. नाना दुकानाच्या पायरीवर खाली बसले. मावशी उभीच राहिली.

"किती लांब हाय ते?"

मी कॉम्प्युटरवर मुंबई आणि डब्लिन अशी दोन नावं टाकली. सरळ रेषेत सात हजार सहाशे किलोमीटर असं आलं. सरळ विमान मात्र नाही, मध्ये दोह्याला उतरून दुसरं धरायचं. मुंबईपासून सगळं मिळून चौदा तास.

"चौदा तास?" मावशी म्हणाली. "आमाला कारखान्यावर जायला ट्रॅक्टरमधी दोन दिस लागायचे. मंग जवळच हाय की गं."

तिनं हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. लंकामावशीनं आयुष्यात अंतर असंच मोजलं होतं. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं ती आणि नाना ऊस तोडायला जायचे, दसरा झाला की मुकादमाच्या ट्रॅक्टरमागच्या गाडीत संसार भरून, सांगली-कोल्हापूरकडं. बाकीच्या पोरी आईबापाबरोबर फडावर जायच्या. पंकजाला मात्र मावशीनं कधी नेलं नाही. तिला सासूजवळ, रतनबाईजवळ, ठेवायची. शाळा बुडू नये एवढंच कारण. सहा महिने आई नाही. पंकजा शाळेत कधी त्याबद्दल बोलायची नाही, पण डबा उघडला की पहिल्यांदा वास घ्यायची. आजीच्या हाताला आईच्या हाताचा वास येत नाही, असं एकदा म्हणाली होती.

चौथीत असताना तिला टायफॉइड झाला. निरोप फडावर पोचायला दोन दिवस लागले, मावशीला यायला आणखी दोन. ती आली तेव्हा ताप उतरलेला होता आणि पोरगी उठून बसून पेज खात होती. मावशीच्या मनात तेव्हापासून बसलं की आपण पोचलो की पोर बरी होते. हे ती मला त्या डिसेंबरातही म्हणाली. "मी गेले न्हाई म्हनून ती पडून हाय. मला नुसतं पोचू दे."

पण पोचायचं कसं? पासपोर्ट नव्हता. नानांचा तर निघण्यासारखाच नव्हता. एका कागदावर भागवत, दुसऱ्यावर भगवान, आणि नाव दुरुस्त करायचं तर दीड-दोन महिने. शिवाय दोन्ही गुडघे धरलेले, काठी टेकत चालायचे. मावशीच्या आधारवर जन्मतारीख एक जानेवारी, जशी तिच्या वयाच्या सगळ्यांचीच असते. ठरलं की तिनं एकटीनं जायचं. मी नगरला दोन खेपा केल्या, मुंबईला एक. बोटांचे ठसे घेताना मशीन तिची बोटं ओळखेना. कोयत्यानं आणि पाचटानं ठसे घासून गेलेले. तिथल्या बाईनं सहा वेळा प्रयत्न केला, शेवटी मावशीच्या हाताला स्वतःच्या पर्समधलं क्रीम चोळलं, मग घेतले.

या सगळ्यात सहा आठवडे गेले. लिजी रोज मेसेज पाठवायची. काल बसली. आज दोन चमचे सूप घेतलं. आज आई कधी येणार विचारलं. मी यातले चांगले तेवढे वाचून दाखवायची. एकदा पंकजा स्वतः बोलली, आवाज अगदी खोल गेलेला. "आई, येताना भुईमुगाची चटनी आन. इथं कशालाच चव न्हाई." मावशी त्या दिवशी हसली. घरी जाऊन तिनं चटणी कुटली, बाजरीचं पीठ दळून आणलं, खोबरेल तेलाची बाटली घेतली. बाटलीचं झाकण मेणानं बंद केलं. पंकजाचे केस लांब होते, शाळेत दोन वेण्या कमरेपर्यंत यायच्या. "तिकडं कोन लावतंय तेल," मावशी म्हणाली. मला लिजीनं फोटो पाठवला होता. मला माहीत होतं. मी बाटली पिशवीत नीट उभी ठेवली.

व्हिसा आला. तिकीट तिथल्या नर्सांनी मिळून काढलं होतं. एकोणीस जानेवारीला सकाळी पावणेदहाचं विमान. नानांचा पुतण्या बिभीषण आदल्या दिवशीच तिला जीपनं मुंबईला घेऊन गेला. तिला लिहिता-वाचता येत नाही म्हणून आम्ही चाकाच्या खुर्चीची सोय मागितली होती. खुर्ची ढकलणारा माणूस थेट दुसऱ्या विमानात बसवून देतो. मावशीला हे आवडलं नव्हतं. "माझं पाय काय मोडलेत का? चाळीस किलोची मोळी डोक्यावर घिऊन गाडीत चढले मी." पण खुर्चीशिवाय ती हरवली असती, हे तिलाही कळत होतं.

त्या सकाळी नाना साडेनऊलाच दुकानात येऊन बसले. कुठलं विमान कुठं आहे ते नकाशावर दिसतं, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. मी नंबर टाकला. समुद्रावर एक पिवळं विमान दिसायला लागलं, नखाएवढं.

"ह्यात लंका हाय?"

"हो नाना."

"हे तर हालंना."

"हलतंय. नकाशा मोठा आहे म्हणून हळू दिसतंय. खरं तर तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर जातंय."

"उंच किती?"

"अकरा किलोमीटर."

नानांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हंजी इथून करंजीपोतूर जावं तेवढं वर," ते म्हणाले आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. दाखल्यांसाठी माणसं येत होती. मी कामं करत होते. नाना मधूनच सांगायचे, "आता निम्म्यात आलं." येणाऱ्याजाणाऱ्यांनाही दाखवायचे. "आमची मंडळी हाय ह्यात." त्या दोन-अडीच तासांत मी त्यांना जेवढं बोलताना ऐकलं तेवढं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बारा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. लिजी. मी उचलला आणि नानांकडं पाठ केली. लिजी रडत नव्हती. दवाखान्यात काम करणारी माणसं जशी बोलतात तसं तिनं सांगितलं. सकाळी सहा चाळीसला पंकजा गेली. झोपेतच. लिजी जवळच होती, हात धरून. तिथं सहा चाळीस म्हणजे आपल्याकडं बारा दहा.

मी फोन खाली ठेवला. नाना माझ्याकडं बघत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "गेली?"

मी मान हलवली.

ते पडद्याकडं वळले. विमान अजून समुद्रावरच होतं. त्यांनी बोट लावलं, काचेवर, विमानाच्या अगदी पुढं, जसं काही ते तिथंच थांबवायचं होतं. मग बोट काढून घेतलं. दोन माणसं झेरॉक्सला उभी होती. मी त्यांना जायला सांगितलं आणि काऊंटरच्या मागं जमिनीवर बसले. किती वेळ ते आठवत नाही.

लिजीनं पुन्हा फोन केला. ती विचारत होती, आई दोह्याला उतरली की फोन करेल. तिला सांगायचं का? दोह्याला दोन-सव्वादोन तास थांबायचं होतं. मग पुढं आठ तासांचं विमान. मी नानांना विचारलं.

नाना म्हणाले, "तिथं तिचं कोन हाय?"

"कुणी नाही. खुर्ची ढकलणारा माणूस."

"मंग नगं सांगू. एकटी बाई. तिथं लोळन घितली तर उचलायचं कुनी? माघारी फिरंल का फुडं जाईल तिलाच कळायचं न्हाई. तिथं लिजी हाय, तिच्यापशी गेल्यावर कळू दे."

"नाना, ती विचारेल."

"व्हय. विचारंल." ते उठले. "मला न्हाई जमायचं. तू बोल." आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले, स्टँडकडं तोंड करून.

दोन वाजता फोन आला. मुंबईत बिभीषणनं तिला विमानतळाच्या वायफायवर फोन कसा लावून घ्यायचा ते सांगून ठेवलं होतं, ते कुणीतरी करून दिलं होतं. पडद्यावर मावशीचा चेहरा फार जवळ आला, नुसतं कपाळ आणि कुंकू.

"आश्विने, उतरले गं मी! एक नेपाळची बाई हाय, लई गुनाची. तीच ढकलती. हितं सगळं काचंचं हाय. पाय घसरंल असं वाटतंय." ती दमलेली होती पण आवाजात उमेद होती. अर्धा रस्ता एकटीनं पार केला होता तिनं. "पंकी कशी हाय? लिजीचा फोन आल्ता का?"

मी म्हणाले, "आला होता."

"मंग? काय म्हनती?"

"झोपलीय मावशी."

"झोपू दे. उठवू नगा म्हनावं. मी आल्यावर मीच उठवते." मग म्हणाली, "नाना कुठंयत? जेवलं का?"

"बाहेर आहेत. जेवले."

"बरं. ठिवते. ही बाई चला म्हनती."

ती पुढच्या विमानात बसली. नकाशावर मी ते विमान पाहिलं नाही. नानाही आत आले नाहीत. ते परस्पर वस्तीवर चालत गेले.

डब्लिनमध्ये काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं, काही लिजीकडून, काही पुष्कळ दिवसांनी मावशीकडून. खुर्चीत बसून ती बाहेर आली. काचेच्या दारापलीकडं लिजी आणि आणखी तीन मुली उभ्या होत्या. लिजीच्या हातात मावशीसाठी जाड कोट होता. ती पुढं आली आणि खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली. कोट पांघरायच्या आधीच तिनं मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. "भाषा लागतीच कशाला," मावशी म्हणाली. "पोर गुडघ्यावर बसली तवाच मला कळलं."

दवाखान्यानं आईसाठी मुलीला तसंच ठेवलं होतं. मावशीनं कपाळाला हात लावला, मग हात मागं नेला. केस नव्हते. तिथं तिला पहिल्यांदा टोपीचा अर्थ कळला. लिजी सांगते, मावशी रडली नाही. तिनं पिशवी मागितली, बाटलीचं मेण नखानं काढलं, आणि तेल तळहातावर घेऊन पंकजाच्या डोक्याला लावलं. सावकाश, दोन्ही हातांनी, कानामागंसुद्धा. वॉर्डातल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

चौथ्या दिवशी विजेच्या दाहिनीत सगळं झालं. मंत्र म्हणणारं कुणी नव्हतं. लिजीनं तिच्या पद्धतीची प्रार्थना म्हटली. पंकजा ज्या वॉर्डात काम करायची तिथला एक म्हातारा आजारी माणूस चाकाच्या खुर्चीतून आला होता. त्यानं मावशीचे दोन्ही हात धरले आणि खूप वेळ बोलत राहिला, डोळ्यांतून पाणी काढत. मावशीला एक शब्द कळला नाही. पण मध्ये मध्ये तो "पंकजा" म्हणायचा ते तिला कळायचं, आणि दर वेळी ती "व्हय" म्हणायची.

आठव्या दिवशी ती निघाली. अस्थींचा डबा तिनं सामानात दिला नाही. सोबत कागद होते, लिजीनं सगळ्यांची समजूत घातली. मुंबईपर्यंत डबा तिच्या मांडीवर होता. बिभीषण जीप घेऊन गेला, आणि ती दोघं परस्पर पैठणला गेली. नाना इथून एसटीनं पैठणला पोचले होते. गोदावरीत दोघांनी मिळून डबा रिकामा केला. तिथंच तिनं नानांना विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

नानांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगितलं.

मी तेराव्याला वस्तीवर गेले. बायका आत बसल्या होत्या. मावशी मला बघून उठली आणि मागच्या दारानं गोठ्याकडं गेली. मी मागं गेले.

"आश्विने, तुला ठाव हुतं."

"हो मावशी."

"झोपलीय म्हनलीस मला."

मी मान खाली घातली. ती ओरडली नाही, त्याचंच मला भय वाटलं. "आठ तास मी मनात तिच्यासंगं बोलत बसले. काय काय ठरवलं. उठली की चटनी-भाकर द्यायची, मंग अंगूळ घालायची. मेलेल्या पोरीला चारायचं ठरवत हुते मी. आन तुमी हितं बसून बघत हुता."

"तू एकटी होतीस मावशी. आम्हाला वाटलं..."

"रडले असते. त्या काचंच्या फरशीवर लोळले असते. काय झालं असतं? आन तिकडं गेल्यावर परकी मानसं म्हनून रडता आलं न्हाई, हितं येऊस्तोवर सगळं गोठून गेलं. माझं रडू माझं हुतं. ते तुमी कशाला ठिवून घितलं?"

आजही मी पुष्कळदा स्वतःशी दोन्ही बाजू मांडते. सांगितलं असतं तर? ती त्या अनोळखी विमानतळावर कोसळली असती, दुसरं विमान चुकलं असतं, मुलीचं तोंडही दिसलं नसतं कदाचित. हे सगळं खरं आहे. पण मावशी म्हणते तेही खरं आहे, आणि एका खऱ्यानं दुसरं पुसलं जात नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. नानांशीही फक्त कामापुरतं. भाकरी थापून ताट पुढं सरकवायची आणि आपण चुलीकडं तोंड करून खायची. फेब्रुवारी गेला, उन्हाळा गेला. लोकांच्या कांद्याच्या काढणीला ती रोजानं जायची, पाथर्डीच्या रस्त्यावर मला दिसायची, मान वळवायची. नाना कधी कधी दुकानात येऊन नुसते बसायचे. एकदा म्हणाले, "मी चुकलो का गं पोरी?" मी त्यांना चहा दिला.

सप्टेंबरात, बाजारच्या दिवशी, भर दुपारी, दोघं आली. नाना बाहेरच थांबले. मावशी आत आली. दुकानात पाचसहा माणसं होती, कर्जमाफीचे नाहीत तर विम्याचे कसलेसे फॉर्म चालले होते. ती त्यांच्या मधून सरळ काऊंटरशी आली. आवाज कोरडा होता.

"पंकी किती वाजता गेली? हितल्या टायमानं सांग."

"बारा वाजून दहा मिनिटं."

"त्या वक्ताला मी कुठं हुते?"

मला आठवत होतं. "समुद्रावर. दोह्याला उतरायला तासाभराच्या वर अवकाश होता."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. ती तो दिवस मनात पुन्हा पहिल्यापासून लावत होती, विमान सुटलं, पट्टा बांधला, बाईनं पाणी दिलं. मग तिचे ओठ थांबले.

"मी जेवत हुते," ती म्हणाली. "त्यांनी ताट दिल्तं. भात हुता, कसली तरी भाजी हुती. शेजारच्या बाईनं डबी उघडून दिली. मी म्हनलं लई लांब जायचंय, पोटात काही पाहिजे. सगळं खाल्लं. पोर माझी जात हुती आन मी जेवत हुते, आश्विने. गोड म्हनून दिल्यालं, ते बी खाल्लं."

आणि मग ती रडली. आठ महिन्यांचं. काऊंटरला धरून खाली बसली आणि असा आवाज काढला की समोरच्या पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मी काऊंटर ओलांडून तिच्याजवळ गेले. तिनं मला ढकललं नाही. पोरीचं नाव घेत ती डोकं काऊंटरवर आपटायला लागली, तेव्हा मी मध्ये हात घातला.

नाना दारात आले. आत यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. काठी धरून उंबऱ्यावरच उभे राहिले. मावशीनं मान वर केली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा ओलं झालं.

"उभं का ऱ्हायलात," ती म्हणाली. "गुडघं दुखतील. बसा हितं."

नाना भिंतीला धरून तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग तेही रडायला लागले, म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, सगळं अंग हलवत. मावशीनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण सरकून जागा केली.

मी उठले. फॉर्मवाली माणसं अजून हातात कागद धरून तशीच उभी होती. त्यांना उद्या या म्हणाले आणि शटर निम्म्यापर्यंत खाली ओढलं.